'साहसकथा' म्हणावे का?

एका वाचकाचा प्रश्न आहे. काहीतरी मिळवायला नायक घराबाहेर पडतो, अशा जगभरच्या कथा वाचून त्या त्या समाजाची संस्कृती आणि नीतिविचार समजून घ्यायचा, असा एक अभ्यासक्रम ते मराठीत तयार करत आहेत. इंग्रजीत या प्रकाराला 'क्वेस्ट' म्हणतात. मसुद्यात त्यांनी 'वीरांच्या साहसकथा' असे लिहिले आहे आणि प्रत्येक कथेपुढे 'तात्पर्य' असा रकाना ठेवला आहे. हे शब्द चालतील का?

चालतील, पण मी वापरणार नाही. साहसकथा म्हटले की वादळे, कडे आणि अंगावरचा काटा एवढेच डोळ्यांपुढे येते. शिवाय 'साहस' या शब्दाची जुनी कुंडली फारशी चांगली नाही. मनुस्मृतीत राजाने निवाडा करायच्या वादांचे 18 विषय दिले आहेत. त्यात चोरीला लागूनच 'साहस' येते, म्हणजे बळजबरीने केलेला गुन्हा. मराठीत या शब्दाला कौतुकाचा अर्थ आला खरा, तरी 'भलतं साहस करू नकोस' म्हणताना तो जुना वास जाणवतोच.

'मोहीम' अधिक जवळची वाटते. मूळ अरबी, महत्त्वाचे काम अशा अर्थाचा हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. मराठीत मोहीम काढतात, मोहिमेवर जातात, मोहीम फत्ते होते. पण बहुधा ती कोणीतरी सोपवलेली असते. ग्रीक कथेतल्या जेसनला पेलियास राजाने सोनेरी लोकर आणायला कोल्खिसला धाडले, तिथे मोहीम चपखल बसते. प्राचीन मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातल्या गिल्गमेशला मात्र कोणी पाठवले नव्हते. जिवलग मित्र एन्किडू गेला, मरणाची धास्ती बसली आणि उरुकचा हा राजा अमरत्व शोधत भटकत सुटला. पुन्हा तरुण करणारी वनस्पती हाती आली, तर तीही सापाने पळवली. रिकाम्या हाताने परतलेल्या या माणसाची मोहीम फसली म्हणायचे का? कथा तसे म्हणत नाही. म्हणून माझे मत 'शोधयात्रा' या शब्दाला. नुसती 'शोधकथा' नको, कारण मराठीत शोध घेतातही आणि लावतातही, आणि वाचकाला वाफेच्या इंजिनाची गोष्ट वाटायची.

खरे तर संस्कृतातून आलेला एक शब्द या कथाप्रकारासाठीच घडवल्यासारखा आहे : गवेषणा. आज तो संशोधनाच्या जड भाषेतच भेटतो, पण फोड केली तर गो अधिक एषणा, गाईंचा शोध. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले 108वे सूक्त असाच एक शोध सांगते. पणी नावाच्या इंद्राच्या शत्रूंनी गाई दडवल्या आहेत आणि इंद्राची दूती सरमा रसा नदी ओलांडून तिथवर पोचली आहे. पणी आधी तिला जोखतात, आपल्या धारदार शस्त्रांची आठवण देतात. मग आवाज मऊ करतात : परत जाऊ नकोस, तुला बहीण मानतो, गाईंतला वाटा देतो. सरमेचे उत्तर असे की मला भाऊपण कळत नाही आणि बहीणपणही कळत नाही. संवाद अवघ्या 11 ऋचांचा, पण लाच नात्याच्या वेषात कशी येते, हे त्यात लख्ख दिसते.

सरमा ही परंपरेने देवांची कुत्री. तिला 'वीर' कसे म्हणणार? यमाच्या दारी गेलेला नचिकेत तर पोरगेलासा. तेव्हा 'वीर' काढून टाका. 'कथानायक' पुरे.

राहिला 'तात्पर्य'चा रकाना. हा शब्द इसापाकडेच राहू द्या. शोधयात्रेतली नीती बहुधा शेवटच्या ओळीत सापडत नाही. वस्तू कोणत्या अटीवर मिळते आणि वाटेत काय करायचे नाही, यात ती असते. आई विनतेला सर्पांच्या दास्यातून सोडवायला गरुडाने अमृत आणले, पण स्वतः थेंबभर चाखले नाही. सर्पांना दिलेला शब्द पाळून त्याने कुंभ दर्भावर ठेवला, त्यांना आधी स्नान करून यायला सांगितले, आणि तेवढ्यात इंद्राने तो उचलून नेला. हे इंद्राशी आधीच ठरले होते. गरुडाने शब्द पाळला की फसवले? वर्गात यावर तासभर वाद झाला पाहिजे. सीतेला शोधताना हनुमान रावणाच्या अंतःपुरात निजलेल्या स्त्रिया पाहतो आणि आपल्या हातून अधर्म झाला का, या विचाराने थबकतो. इंद्रियांना चालवणारे मन आहे आणि माझे मन ढळलेले नाही, असे तो स्वतःलाच समजावतो. बाराव्या शतकातल्या फ्रेंच काव्यातला पर्सिव्हाल याच्या उलट. फार बोलू नये ही गुरूची शिकवण धरून तो जखमी राजापुढे गप्प बसतो, विचारायचा तो प्रश्न विचारत नाही, आणि त्यामुळे राजा बरा व्हायचा राहतो. इथे शिष्टाचारच आड आला. कोणता समाज कशाला भितो, हे अशा जागी कळते.

म्हणून रकान्याचे नाव 'अट' ठेवा, आणि जागा असेल तर शेजारी दुसरा रकाना 'मोह'. शीर्षकात 'शोधयात्रेच्या कथा : संस्कृती आणि नीतिविचार' एवढे लिहिले की झाले. 'क्वेस्ट' कंसातही नको.