वाचकांचे प्रश्न : अमेरिकन फुटबॉल, थेट मैदानात बसून

प्रश्न : एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, टीव्हीवर नियमित पाहतो. आता अमेरिकेत जाऊन एक सामना प्रत्यक्ष पाहायचा आहे. कोणत्या महिन्यात जावे? एवढा खर्च करायचाच तर थेट सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामनाच गाठावा का?

सुपर बोलचा विचार सोडून द्या. त्याची तिकिटे खुल्या विक्रीला येतच नाहीत. बहुतेक संघांमध्ये वाटली जातात, बाकीची लीग स्वतःकडे ठेवते. बाहेरच्या माणसासाठी उरतात दोन वाटा : ‘ऑन लोकेशन’ या लीगच्या अधिकृत भागीदाराचे पॅकेज, नाहीतर पुनर्विक्रीचा बाजार. दोन्हीकडे एका माणसाचा हिशोब हजारो डॉलरमध्ये होतो. शिवाय मैदान बहुधा दोन्ही संघांना परके असते, त्यामुळे घरच्या प्रेक्षकांचा जो गदारोळ ऐकायला आपण एवढ्या लांब जातो, तो तिथे अर्धाच मिळतो.

साखळी सामने सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होतात आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत १८ आठवडे चालतात. प्रत्येक संघ १७ सामने खेळतो आणि एक आठवडा विश्रांती घेतो. घरच्या मैदानावर त्यातले आठ किंवा नऊच होतात, म्हणजे आवडता संघ तुम्ही जाल त्या रविवारी घरच्या मैदानावर नसण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून अधिक आहे. संपूर्ण कार्यक्रम मे महिन्याच्या मध्यास जाहीर होतो. तोवर विमानाचे तिकीट काढू नका.

आमची पसंती सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच्या काळाला. हवा बहुतेक शहरांत सुखद असते आणि एकही संघ अजून स्पर्धेतून बाद झालेला नसतो. ऑगस्टमधल्या सराव सामन्यांची तिकिटे स्वस्त दिसतात. पण त्यांत नावाजलेले खेळाडू थोडाच वेळ उतरतात, काही तर अजिबात नाही.

भारतीय पासपोर्ट असेल तर सगळ्याच्या आधी बी-१/बी-२, म्हणजे अल्पकालीन भेटीचा व्हिसा. मुलाखतीची तारीख काही महिन्यांनंतरचीही मिळू शकते. सामन्याचे तिकीट हातात आहे म्हणून व्हिसा लवकर मिळत नाही.

प्रश्न : डिसेंबरमधला रविवार दुपारचा सामना निवडला आहे आणि त्याच रात्री परतीचे विमान घेण्याचा विचार आहे. काही अडचण येईल का?

येईल, आणि बाहेरून येणारे प्रेक्षक सर्वांत जास्त फसतात ते इथेच. मे महिन्यात जाहीर झालेली वेळ अंतिम नसते. टीव्हीवर चांगली लढत दाखवता यावी म्हणून लीग सामने हलवते. पाचव्या आठवड्यापासून रविवार दुपारचा सामना रविवारी रात्री नेता येतो. तेराव्या आठवड्यापर्यंत ही सूचना १२ दिवस आधी मिळते, चौदाव्यापासून सतराव्यापर्यंत फक्त ६ दिवस आधी. बाराव्या आठवड्यापासून रविवारचा सामना सोमवारी रात्रीही जाऊ शकतो. मोसमाच्या अखेरीस क्वचित गुरुवारीसुद्धा. अठराव्या आठवड्यात तर शनिवार की रविवार हेही सतरावा आठवडा संपल्यावरच ठरते. वेळ बदलली म्हणून तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. सामना झाला, तुम्ही आला नाहीत, विषय संपला.

तुमच्या बेतात दुपारी १ चा सामना रात्री ८.२० वर गेला, तर तो संपेल साडेअकराच्या सुमारास आणि विमान तोवर उडालेले असेल. म्हणून आमचा आग्रह असा, की सामन्याची वेळ न धरता तो अख्खा शनिवार-रविवार-सोमवार धरा. शुक्रवारी त्या शहरात पोहोचा, परतीचे विमान मंगळवारचे घ्या, हॉटेल रद्द करता येईल असेच निवडा. मधले दिवस शहर पाहण्यात जातील. वाया काहीच जात नाही.

रजा अगदी मोजकी असेल तर पहिल्या चार आठवड्यांतला सामना घ्या, तेव्हा असे बदल होत नाहीत. दुसरा पर्याय थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. त्या दिवशी डेट्रॉइट लायन्स १९३४ पासून आणि डॅलस काउबॉइज १९६६ पासून, मधली काही वर्षे वगळता, घरच्या मैदानावर खेळत आले आहेत. तारीख पक्की, पण त्या आठवड्यात सारी अमेरिका प्रवासाला निघालेली असते, देशांतर्गत विमाने महाग आणि खच्चून भरलेली.

हवामानाचा फटका वेगळाच. नोव्हेंबर २०२२ मध्ये हिमवर्षावामुळे बफेलो बिल्सचा घरचा सामना थेट डेट्रॉइटला हलवावा लागला होता. उत्तरेकडच्या उघड्या मैदानाचे डिसेंबरातले तिकीट काढताना हा धोका गृहीत धरा.

आणखी एक बारकी गोष्ट. सामन्यांच्या वेळा पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने छापलेल्या असतात. लॉस एंजेलिस त्याच्या तीन तास मागे आहे, शिवाय नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे अमेरिकेत घड्याळे एक तास मागे घेतली जातात. ॲरिझोनात मात्र ती हलवत नाहीत.

प्रश्न : तिकीट परदेशातून कसे काढायचे? छापील मिळते का?

छापील तिकीट जवळपास इतिहासजमा झाले आहे. तिकीट मोबाइलमध्येच येते. बहुतेक संघांची विक्री टिकेटमास्टरवर चालते, काहींची सीटगीकवर. संघाच्या अधिकृत संकेतस्थळावरून गेलात की आपोआप योग्य ठिकाणी पोहोचता. बहुसंख्य जागा मोसमाची तिकिटे घेणाऱ्यांकडे असतात, त्यामुळे आपल्यासारख्यांना प्रत्यक्षात मिळते ते पुनर्विक्रीचे तिकीट. त्यात गैर काही नाही. ते अधिकृत मंचावरून घ्यावे, म्हणजे विकणाऱ्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात रीतसर हस्तांतरित होते.

कोणी तिकिटाचा स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ पाठवत असेल तर पैसे देऊ नका. टिकेटमास्टरचा बारकोड सतत बदलत राहतो आणि जुने चित्र प्रवेशद्वारावर चालत नाही. पार्किंगमध्ये उभे राहून तिकिटे विकणाऱ्यांनाही हाच नियम.

खाते घरीच उघडा, त्याच फोनवर ॲप घ्या, कार्ड आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी सुरू आहे का ते पाहा. तिथे जाऊन नवे सिम घातले आणि लॉगिन करताना सांकेतिक क्रमांक घरच्या नंबरवर गेला, की दारात अडकलात. म्हणून जुना नंबर रोमिंगवर जिवंत ठेवा, किंवा नव्या जोडणीसाठी ई-सिम वापरा. हॉटेलातून निघण्यापूर्वीच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये घालून ठेवा, कारण साठ-सत्तर हजार माणसे एकाच वेळी फोन काढतात तेव्हा नेटवर्क रडते. चौघांची तिकिटे एकाच फोनवर असतील तर चौघांनी एकत्रच आत शिरावे.

किमतीबद्दल : मे २०२५ पासून अमेरिकेत विक्रेत्याला सगळे शुल्क धरून एकूण रक्कम सुरुवातीलाच दाखवावी लागते, त्यामुळे शेवटच्या पानावरचा धक्का कमी झाला आहे. दुबळ्या संघांच्या सामन्याचे भाव शेवटच्या दोन दिवसांत अनेकदा घसरतात. परदेशातून येणाऱ्याने त्या आशेवर बसू नये. चार डॉलर वाचतील, पण झोप जाईल.

प्रश्न : ५० यार्डांच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या रेषेसमोरची पहिली रांग मिळत आहे. घ्यावी का?

नको. तिथे तुमच्या आणि खेळाच्या मध्ये राखीव खेळाडू, प्रशिक्षक आणि कॅमेरे उभे असतात. मैदान १०० यार्ड लांब, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन (चेंडू तिथे नेला की टचडाउन, म्हणजे गुण), आणि खेळ २२ जणांचा. खालून पाहिले तर पाठी आणि हेल्मेटेच दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने वरच्या मजल्याच्या पुढच्या रांगा घ्याव्यात, लांबीच्या बाजूच्या, दोन्हीकडच्या २० यार्डांच्या रेषांमधल्या. तिथून संघाची मांडणी, धावणाऱ्यासाठी उघडणारी फट, पासचा मार्ग असे टीव्ही कधीच न दाखवणारे सगळे एका नजरेत येते. खालच्या मजल्यावरच बसायचे असेल तर विसाव्या रांगेच्या वरचे पाहा. कोपऱ्यातल्या जागा स्वस्त आणि बऱ्या असतात. एंड झोनच्या मागून जवळचा टचडाउन अप्रतिम दिसतो, मात्र पलीकडच्या टोकाला काय चालले आहे ते पडद्यावरच पाहावे लागते.

दुपारचा सामना आणि उघडे मैदान असेल तर ऊनही पाहा. मायामीच्या हार्ड रॉक स्टेडियममध्ये यजमान संघाची बाजू सावलीत आणि पाहुण्यांची उन्हात असते. सप्टेंबरात तिथे उन्हाच्या बाजूला बसणे ही शिक्षा आहे.

प्रश्न : न्यूयॉर्क, बोस्टन, सॅन फ्रान्सिस्को यांपैकी कोणत्या शहरातून स्टेडियमला जाणे सोपे?

यांपैकी एकाही शहरात स्टेडियम नाही! न्यूयॉर्कचे दोन्ही संघ, जायंट्स आणि जेट्स, न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियमवर खेळतात. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून सीकॉकस जंक्शनला जायचे आणि तिथे स्टेडियमकडे जाणारी मेडोलँड्सची गाडी पकडायची. एकाच मैदानावर दोन संघ असल्याने बहुतेक रविवारी तिथे सामना सापडतो. तारखा जुळत नसतील तर ही मोठी सोय. बोस्टनचा संघ खेळतो फॉक्सबरोला, सुमारे ४५ किलोमीटरवर. सामन्यासाठी बोस्टनच्या साउथ स्टेशनवरून खास रेल्वे सुटते. तिची तिकिटे मर्यादित असतात आणि परतीची गाडी सामना संपल्यावर अर्ध्या तासात निघते, तेव्हा रेंगाळू नका. सॅन फ्रान्सिस्कोचे लेव्हाइज स्टेडियम आहे सांता क्लारात. त्या सामन्यासाठी सॅन होजेत उतरणे शहाणपणाचे.

पायी किंवा मेट्रोने सहज पोहोचायचे तर सिएटल, मिनियापोलिस, अटलांटा, न्यू ऑर्लिन्स, इंडियानापोलिस. डॅलसचे स्टेडियम आर्लिंग्टनमध्ये आहे. तिथे गाडीला पर्याय नाही असेच समजा. ग्रीन बेचे लँबो फील्ड हे या खेळाचे तीर्थस्थान खरे, पण गाव छोटे. तिथल्या पॅकर्स संघाची मोसमी तिकिटे १९६० पासून संपलेलीच असतात आणि सामन्याच्या दिवसांत हॉटेलांचे दर गगनाला भिडतात. ॲपल्टन किंवा मिलवॉकीला राहून गाडीने जा.

प्रश्न : अमेरिकेचा व्हिसा नाही. लंडनचा सामना ‘खरा’ असतो का?

गुणतक्त्यात मोजला जाणारा साखळी सामनाच असतो. लंडनमध्ये २००७ पासून असे सामने होत आहेत. २०२५ मध्ये डब्लिन, बर्लिन आणि माद्रिदही यादीत आले. लंडनच्या टॉटनहॅम स्टेडियममध्ये हिरवळ बाजूला सरकते आणि खाली या खेळासाठीचे वेगळे कृत्रिम मैदान आहे. वातावरण मात्र जत्रेचे, लीगच्या बत्तीसही संघांच्या जर्सी एकत्र दिसतात, घरच्या संघासाठी कानठळ्या बसवणारी एकजूट नाही. ब्रिटनला वेगळा व्हिसा, बर्लिन-माद्रिदला शेंगेन, डब्लिनला आयर्लंडचा.

प्रश्न : नियम अर्धवट येतात. मैदानात गोंधळ उडेल का?

थोडा उडेल. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, एवढे पक्के असले तरी निभते. चेंडू कुठवर न्यायचा ते दाखवणारी टीव्हीवरची पिवळी रेषा मैदानावर नसते, ती संगणक काढतो. तुम्ही कडेला उभ्या केलेल्या नारिंगी खुणांकडे पाहा. पाहुण्यांच्या तिसऱ्या प्रयत्नाआधी लोक ताडकन उभे राहतात, तेव्हा तुम्हीही राहा. आरडाओरडा पाहुण्या संघाकडे चेंडू असताना करायचा, म्हणजे त्यांना एकमेकांचे इशारे ऐकू येत नाहीत. घरचा संघ आक्रमण करत असताना स्टेडियम मुद्दाम शांत असते. नवखा माणूस नेमका उलटे करतो आणि शेजारचे वळून पाहतात.

घड्याळात ६० मिनिटांचा खेळ प्रत्यक्षात तीन तासांहून जास्त चालतो. जाहिरातींच्या वेळी मैदान नुसते थांबलेले असते. स्वच्छतागृहाला मध्यंतरात जाऊ नका, १३ मिनिटांत रांग सरकत नाही. दुसऱ्या क्वार्टरमधल्या (खेळाच्या चार भागांपैकी दुसऱ्या) जाहिरातीच्या वेळी उठा.

प्रश्न : सोबत काय न्यावे?

पाठीवरची पिशवी हॉटेलातच. पारदर्शक प्लास्टिकची १२×६×१२ इंचांपर्यंतची पिशवी आणि हाताच्या पंजाएवढी, म्हणजे साडेचार×साडेसहा इंचांची छोटी पर्स, एवढेच आत जाते. दुर्बीण चालते, तिची पेटी नाही. विमानतळावरून सामानासकट थेट स्टेडियम गाठणाऱ्यांना दारातून परत पाठवतात. एकदा बाहेर पडलात की सहसा पुन्हा आत घेत नाहीत. बहुतेक ठिकाणी रोख पैसे स्वीकारत नाहीत. बिअर घ्यायची तर वय २१ पूर्ण हवे, पुराव्याला पासपोर्ट.

थंडीत जाणार असाल तर एका जाड कोटापेक्षा तीन-चार पातळ थर बरे. गारठा खालून चढतो : पायाखाली काँक्रीट, लँबोसारख्या ठिकाणी बसायला ॲल्युमिनियमचा बाक. पायांखाली पुठ्ठ्याचा तुकडा आणि लोकरी मोजे एवढ्यानेही फरक पडतो.

प्रश्न : एकाच फेरीत दोन सामने जमतील का?

छान जमतील. महाविद्यालयीन सामने शनिवारी होतात, एनएफएलचे मुख्यतः रविवारी. मिशिगन विद्यापीठाचे ॲन आर्बरमधले मिशिगन स्टेडियम १,०७,६०१ क्षमतेचे आहे, एनएफएलच्या कोणत्याही मैदानापेक्षा मोठे, आणि डेट्रॉइट तिथून गाडीने तासाभरावर. मिशिगन आणि लायन्स दोघेही एकाच आठवड्याअखेर घरी खेळत आहेत का, ते तपासून घ्या. महाविद्यालयीन सामन्याची नेमकी वेळ अनेकदा ६ किंवा १२ दिवस आधीच कळते, पण शनिवार बदलत नाही. शनिवारी रात्रीचा सामना लागला तर परतीला बाराएक वाजतील. रविवारी दुपारी १ वाजताच्या सामन्यासाठी मुक्काम डेट्रॉइटलाच ठेवा. सामना सुटल्यावर लगेच टॅक्सी मागवली तर भाडे चढलेले असते आणि ठरलेला थांबाही लांब असतो. पाऊण तास आसपास काढा, मग मागवा.