टीचिंग्ज डेकमध्ये काय घालावे, यापेक्षा काय काढावे

निपाणीच्या सदस्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या पॉपर प्रकारात (यात फक्त कॉमन, म्हणजे सर्वांत सहज मिळणाऱ्या दर्जाची कार्डे चालतात) ते निळा-काळा मिस्टिकल टीचिंग्ज कंट्रोल डेक खेळतात, म्हणजे समोरच्याच्या चाली अडवत डाव लांबवणारा कार्डांचा संच. बेळगावच्या रविवारच्या सरावात तो बऱ्यापैकी जिंकतो, पण पुण्याला स्पर्धेत नेला की एकतर मोनो-रेडसमोर (फक्त लाल कार्डांचा, झटपट घाव घालणारा डेक) लवकर कोसळतो, नाहीतर हातात आलेला सामना वेळ संपल्यामुळे बरोबरीत सुटतो. आणखी कोणती कार्डे घालावीत, असे त्यांनी विचारले आहे. त्यांची यादी मी नीट पाहिली, आणि माझे मत असे आहे की या डेकमध्ये घालण्यासारखे थोडे आणि काढण्यासारखे पुष्कळ आहे.

आधी यादीच्या वयाविषयी बोलू. जुन्या टीचिंग्ज याद्यांमधून उचललेली दोन कार्डे तुमच्या यादीत अजून दिसतात. मिस्टिक सँक्च्युअरीवर पॉपरमध्ये २०२० साली बंदी आली आणि बॉन्डर्स ऑर्नमेंटवर २०२२ साली. घरच्या सरावात हे कोणी बोलून दाखवले नसेल, पण स्पर्धेत डेकलिस्ट तपासली गेली तर दंड होईल. पॉपरमध्ये कॉमन म्हणून कधीतरी छापले गेलेले कार्ड चालते हे खरे असले, तरी बंदीची यादी अधूनमधून बदलते, म्हणून प्रत्येक स्पर्धेआधी ती अधिकृत ठिकाणी पाहून घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. कार्ड खेळण्यासाठी माना भरावा लागतो, आणि तो लँड कार्डांतून मिळतो. टीचिंग्ज हे चार मानांचे इन्स्टंट (समोरच्याच्या टर्नमध्येही खेळता येणारे) कार्ड डेकमधून कोणतेही इन्स्टंट किंवा फ्लॅश असलेले (इन्स्टंटसारखे केव्हाही खेळता येणारे) कार्ड शोधून देते, आणि पुढे सहा माना भरून टीचिंग्जच ग्रेव्हयार्डमधून, म्हणजे वापरलेल्या कार्डांच्या ढिगातून, पुन्हा खेळता येते. याला फ्लॅशबॅक म्हणतात. यामुळे प्रत्येक संकटावर एकेक उतारा ठेवण्याचा मोह होतो. तुमच्या यादीत सतरा कार्डे एकेकच प्रतीची आहेत. कॅपसाइज आहे, इकोइंग डिके आहे, टेंड्रिल्स ऑफ करप्शन आहे, डायबॉलिक ईडिक्ट आहे, आणि इव्हिन्कार्स जस्टिससुद्धा आहे, जे सॉर्सरी (फक्त स्वतःच्या टर्नमध्ये खेळता येणारे कार्ड) असल्यामुळे टीचिंग्जला सापडतच नाही. प्रत्येकाचे समर्थन करता येते, पण सगळ्यांचे मिळून समर्थन होत नाही. साठ कार्डांच्या डेकमध्ये एकच प्रत असलेले कार्ड, तुम्ही पहिली चाल घेतली असेल तर, चौथ्या टर्नपर्यंत हातात येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. दोन प्रती असतील तर सुमारे ३१ टक्के आणि चार असतील तर सुमारे ५३ टक्के. उरलेल्या वेळी ते कार्ड टीचिंग्जनेच आणावे लागते, म्हणजे चौथ्या टर्नला चार माना शोधण्यात जातात आणि शोधलेले कार्ड खेळण्यासाठी पाचवी टर्न उजाडावी लागते. मोनो-रेड तोवर तुमची वाट पाहत बसणार नाही.

म्हणून यादी घडवताना प्रश्न असा विचारावा की पहिल्या तीन टर्नमध्ये हे कार्ड माझ्यासाठी काय करते. काहीच करत नसेल तर ते सहाव्या टर्ननंतर डाव हमखास फिरवणारे असले पाहिजे. दोन्ही निकषांवर न बसणारे कार्ड कितीही आवडते असले तरी बाहेर काढावे. या चाळणीतून माझ्या मते तीनच एकेरी इन्स्टंट टिकतात. डायबॉलिक ईडिक्ट टिकते, कारण ते समोरच्यालाच त्याचे एक क्रीचर (लढणारे कार्ड) बळी द्यायला लावते; बोगल्ससारख्या डेकमधील हेक्सप्रूफ क्रीचरवर नेम धरताच येत नाही आणि काळ्या क्रीचरपुढे स्नफ आउट हे मारणारे कार्ड निरुपयोगी ठरते. सफोकेटिंग फ्यूम्स टिकते, कारण ते समोरच्याच्या सगळ्या क्रीचरना उणे एक-उणे एक करते (ताकद आणि टिकाव दोन्ही एकाने कमी) आणि गरज नसेल तेव्हा दोन मानांत सायकल करता येते, म्हणजे टाकून देऊन नवे कार्ड ओढता येते. टेंड्रिल्स टिकते, कारण ते क्रीचर मारते आणि तुमच्या स्वॅम्पच्या (काळा माना देणाऱ्या लँडच्या) संख्येइतके आयुष्य परत देते. बाकीची जागा समोरच्याचे कार्ड रद्द करणाऱ्या काउंटरस्पेलच्या चार प्रती, स्वस्त रिमूव्हल (क्रीचर काढून टाकणारी कार्डे) आणि कार्ड निवडून देणाऱ्या ब्रेनस्टॉर्म-प्रीऑर्डेन यांना द्यावी. टीचिंग्जच्या दोन किंवा फार तर तीन प्रती पुरतात. टीचिंग्ज स्वतःच इन्स्टंट असल्यामुळे एक टीचिंग्ज दुसरे शोधून आणू शकते, तेव्हा चौथी प्रत सुरुवातीच्या हातात केवळ अडगळ होते.

लँडच्या बाबतीत मात्र कंजूषपणा महागात पडतो. तुमच्याकडे बावीस लँड आहेत. पहिली चाल घेतल्यावर चौथ्या टर्नपर्यंत दर वेळी लँड टाकता येण्याची शक्यता बावीस लँड असताना सुमारे ५४ टक्के असते आणि चोवीस असताना सुमारे ६३ टक्के. चार मानांच्या कार्डावर उभ्या असलेल्या डेकला ५४ टक्के हा आकडा परवडत नाही. यावर उपाय म्हणून निव्वळ लँड वाढवण्यापेक्षा लोरियन रिव्हील्ड घालावे असे मी सुचवीन. एक मानात ते सायकल करून आयलंड (निळा माना देणारी लँड) शोधून देते आणि उशिरा पाच मानांत तीन कार्डे ओढते. येथे कंटॅमिनेटेड अॅक्विफर ही कॉमन लँड फार उपयोगी पडते. तिच्यावर आयलंड आणि स्वॅम्प हे दोन्ही प्रकार छापलेले असल्यामुळे लोरियनला ती शोधता येते, टेंड्रिल्ससाठी ती स्वॅम्प म्हणून मोजली जाते आणि स्नफ आउट चार आयुष्य भरून फुकट खेळण्यासाठी लागणारा स्वॅम्पही तीच होते. तुम्ही ठेवलेली डिस्मल बॅकवॉटर यांपैकी काहीच करत नाही. एक आयुष्य देते, एवढेच. दोन्ही टॅप होऊनच येतात, म्हणजे आल्या त्या टर्नला माना देत नाहीत, तेव्हा अॅक्विफरच्या चार प्रती आधी भराव्यात.

डाव जिंकणाऱ्या कार्डांकडे वळतो, कारण तुमच्या बरोबरीच्या सामन्यांचे मूळ तिथे आहे. तुम्ही मलड्रिफ्टर आणि गुर्मॅग अँगलर या क्रीचरवर भिस्त ठेवली आहे. एकटा मलड्रिफ्टर दर टर्नला दोन घाव घालतो, म्हणजे वीस आयुष्य संपवायला दहा हल्ले लागतात. अँगलर पाच घाव घालतो हे ठीक, पण तो डेल्व्हसाठी, म्हणजे आपली किंमत कमी करण्यासाठी, ग्रेव्हयार्डमधील कार्डे कायमची घालवतो, आणि फ्लॅशबॅकसाठी राखलेली टीचिंग्ज वगळून डेल्व्ह करायला पुरेशी कार्डे पुष्कळदा नसतात. त्याऐवजी टोलॅरियन टेरर घ्यावा. ग्रेव्हयार्डमधील प्रत्येक इन्स्टंट आणि सॉर्सरीमागे त्याची सात मानांची किंमत एकने कमी होते, तीही एकही कार्ड न गमावता. पाच-पाच ताकदीच्या त्या क्रीचरला वॉर्ड दोन आहे, त्यामुळे समोरच्याला रिमूव्हल वापरताना दोन माना जास्त मोजाव्या लागतात. शिवाय सायकल केलेले लोरियन हे सॉर्सरी असल्यामुळे तेही टेररला स्वस्त करते. फ्लॅशबॅक केलेले टीचिंग्ज एक्झाइल होते (ग्रेव्हयार्डमध्ये न परतता खेळाबाहेर जाते) आणि टेरर एक मानाने पुन्हा महागतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे. शक्य असेल तिथे आधी टेरर, मग फ्लॅशबॅक. तीन टेरर आणि दोन मलड्रिफ्टर ही विभागणी मला योग्य वाटते. याच कारणाने साइडबोर्डमधील (दोन डावांच्या मध्ये अदलाबदलीसाठी ठेवलेल्या जादा कार्डांतील) रेलिक ऑफ प्रोजेनिटसही काढा. शेवटी ते फोडले की तुमचेही ग्रेव्हयार्ड जाते. निहिल स्पेलबॉम्ब किंवा बोजुका बॉग फक्त समोरच्याचे साफ करतात.

वेळेचा प्रश्न केवळ कार्डांनी सुटत नाही. स्पर्धेत फेरीला साधारणपणे ५० मिनिटे असतात, म्हणजे तीन डाव होणार असतील तर प्रत्येकाला सोळा-सतरा मिनिटे. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक, त्यामुळे दोन बरोबऱ्या झाल्या की वरच्या आठात येणे बहुधा हातचे जाते. कंट्रोल खेळणाऱ्यांची एक जुनी खोड अशी की हरलेला डावही ते शेवटच्या आयुष्यापर्यंत ओढतात. पहिला डाव गेला असे स्पष्ट दिसताच तो सोडून द्यावा आणि ती मिनिटे तिसऱ्या डावासाठी ठेवावीत. टीचिंग्ज खेळण्याआधीच, समोरच्याच्या टर्नमध्येच, काय शोधायचे ते ठरवून ठेवावे. डेक हातात घेऊन विचार करत बसल्यास वेळही जातो आणि समोरच्याला तुमची अडचणही कळते. मॅजिक ऑनलाइनवर प्रत्येक खेळाडूला संपूर्ण सामन्यासाठी २५ मिनिटे मिळतात, आणि या डेकसाठी तो सराव मला फार मोलाचा वाटतो.

मोनो-रेडसाठी साइडबोर्डमध्ये हायड्रोब्लास्ट आणि ब्लू एलिमेंटल ब्लास्ट ही लाल कार्डे रोखणारी कार्डे मिळून चार असावीत. दोन्ही एक मानाची इन्स्टंट असल्यामुळे गरजेला टीचिंग्जनेही आणता येतात. बाहेर काय जावे हे अधिक महत्त्वाचे आहे. स्नफ आउटसाठी भरलेले चार आयुष्य हे समोरच्याच्या एका लाइटनिंग बोल्टच्या तीन घावांपेक्षा जास्त असते, म्हणून त्याच्या दोन प्रती आणि दोन्ही मलड्रिफ्टर बाहेर काढावेत. डावाच्या शेवटी, समोर दोन माउंटन उभे असतील आणि हातात एकच कार्ड असेल, तेव्हा ते फायरब्लास्ट आहे असे धरून चालावे: दोन्ही माउंटन बळी देऊन तो माना न भरता चार घाव घालतो. चार आयुष्यावर असताना सगळ्या माना खर्चून टीचिंग्ज खेळणे आणि एक निळा माना ब्लास्टसाठी मोकळा ठेवणे, यांत दुसराच पर्याय बरोबर असतो, मग हातात बाकी काहीही असो. कोणाविरुद्ध काय आत आणि काय बाहेर, हे कागदावर लिहून न्या. दोन डावांच्या मध्ये अशी टिपणे थोडक्यात पाहायला नियमांची परवानगी आहे.

तुमच्या सरावाच्या निकालांवर मी फारसा भरवसा ठेवणार नाही. बेळगाव, खानापूर, संकेश्वर मिळून नेहमीचे मोजकेच खेळाडू जमतात, आणि त्यांना तुमची यादी पाठ आहे. ते तुमच्या काउंटरला भिऊन हात आखडता घेतात, आणि डेकला मिळणारा तो उसंतीचा वेळ पुण्याला मिळत नाही. उलट, अनोळखी डेकचा जो फायदा पुण्यात मिळायला हवा तो सरावात दिसतच नाही: पहिल्या डावात समोरचा तुमच्याविरुद्ध निरुपयोगी कार्डे हातात धरून बसतो. हा फायदा फार काळ टिकत नाही, कारण टीचिंग्जने शोधलेले कार्ड उघड दाखवावे लागते. म्हणून मित्रांना मोनो-रेड आणि अॅफिनिटी या डेकच्या याद्या छापील कागदांच्या प्रॉक्सींवर बांधून द्या आणि निम्म्याहून अधिक डाव साइडबोर्ड केल्यानंतरचेच खेळा, कारण सामन्यात प्रत्यक्षातही तसेच घडते. प्रॉक्सी घरापुरत्याच, अधिकृत स्पर्धेत त्या चालत नाहीत.

जाता जाता एक आपल्या भागापुरती गोष्ट. तुमच्या यादीत काउंटरस्पेलच्या दोन प्रती फॉइल (चकचकीत थराच्या) आहेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात फॉइल कार्डे दमट हवेने वाकतात, आणि स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या आवरणात) असूनही ती गठ्ठ्यात बोटांना वेगळी लागतात. पंचाने त्यांना खुणेची कार्डे ठरवले तर दंड होऊ शकतो. जुलै-ऑगस्टमधल्या स्पर्धेला साध्या प्रती घेऊन जा, आणि स्लीव्ह आदल्या रात्री नवे घाला.