त्या मातीनंच डोकं फिरवलं?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ कळव्यात गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात त्याला मानसिक आजार झाला. आता गोळ्या चालू आहेत, तब्येत बरी आहे आणि त्याला पुन्हा मातीत हात घालायचाय. आई म्हणते, ‘त्या मातीनंच याचं डोकं फिरवलं.’ त्याचे ब्रश, कोरण्या तिनं भंगारवाल्याला देऊन टाकल्या. त्यात कुणीतरी मोबाइलवर हालेपास नावाच्या ग्रीक शिल्पकाराची गोष्ट पाठवली. तोही म्हणे मूर्ती घडवता घडवता वेडा झाला. आईला पुरावाच मिळाला. यात खरं किती? — एक भगिनी, कळवा

उत्तर : ताई, गोष्ट खरी आहे, पण तुमच्या आईंपर्यंत अर्धीच पोचली. उरलेली अर्धी मी सांगतो, ती त्यांना वाचून दाखवा.

यानूलिस हालेपासचा जन्म १८५१ चा, तिनोस बेटावरच्या पिर्गोस गावातला. तिनोस म्हणजे संगमरवराचं बेट. आपल्याकडे पेणला जसं घरोघरी गणपतीचं काम, तसं तिथे दगडाचं. वडिलांचा धंदाही तोच, त्यामुळे छिन्नी-हातोड्याचा आवाज पोराच्या कानात पाळण्यातच बसला असणार. अथेन्सला शिकून तो तिनोसच्याच मरियमच्या देवस्थानाच्या शिष्यवृत्तीवर म्युनिकला गेला. परत आल्यावर अथेन्सच्या स्मशानभूमीत सोफिया अफेंदाकी या तरुण मुलीच्या थडग्यासाठी त्यानं एक शिल्प घडवलं. मुलगी पलंगावर झोपली आहे, बस्स. पण उशी डोक्याच्या भारानं दबली आहे आणि चादरीच्या चुण्या बघून हात लावावासा वाटतो. हा तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचा.

त्याच सुमारास, १८७७-७८ च्या हिवाळ्यात, तो कोसळला. स्वतःचीच कामं फोडू लागला. कुणी प्रेमभंग सांगतं, कुणी कामाचा अतिरेक. घरच्यांनी दहा वर्षं वाट पाहिली, उपाय केले आणि १८८८ साली त्याला कॉर्फू बेटावरच्या मनोरुग्णालयात ठेवलं. चौदा वर्षं तो तिथे होता. (आपल्या ठाण्याचं मनोरुग्णालय सुरू झालं १९०१ मध्ये, तेव्हा हा अजून कॉर्फूतच होता. बसमधून त्या भिंतीवरून जाताना मला हे हटकून आठवतं.) वडील वारले आणि १९०२ साली आईनं त्याला घरी आणलं.

आता इथे तुमच्या आईंना नीट ऐकवा. हालेपासच्या आईचंही अगदी हेच म्हणणं होतं, की शिल्पकलेनंच पोर नासलं. तो मातीचं काही करी, ती मोडी. तो चित्र काढी, ती फाडी. मेंढरं चारायला जाणारा गावातला वेडा, एवढीच त्याची ओळख राहिली. १९१६ मध्ये ती वारली तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता.

आणि मग त्यानं पुन्हा सुरुवात केली! धड हत्यारं नव्हती, म्हणून मातीत. कागद नव्हता, म्हणून वडिलांच्या धंद्याच्या जुन्या हिशेबाच्या वह्यांवर, आकड्यांच्या अंगावर रेघा मारत. या कामात झोपलेल्या मुलीसारखा गुळगुळीतपणा शोधू नका. बोटांचे ठसे तसेच ठेवलेले, एका आकृतीच्या अंगाखांद्यावर दुसरी चिमुकली आकृती उगवलेली. ‘मेडिया’ त्यानं पुन्हा पुन्हा केली. मेडिया म्हणजे ग्रीक पुराणातली, पोटची पोरं मारणारी आई. यावरून पंडितांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, मी त्यात पडत नाही. मला विचाराल तर तरुणपणीचं काम देखणं आहे, म्हातारपणीचं मोठं आहे. अथेन्समध्ये १९२५ साली त्याचं प्रदर्शन भरलं, १९२७ मध्ये तिथल्या अकादमीनं गौरव केला. शेवटची आठ वर्षं तो अथेन्सला पुतणीकडे राहिला आणि १९३८ साली गेला, तोवर काम करत होता.

तेव्हा ज्या मातीवर खापर फोडलं, त्याच मातीत हा माणूस वीस वर्षं उभा राहिला. मातीनं आजार बरा केला असं मात्र मी म्हणणार नाही. गोळ्यांचं काय ते डॉक्टरांना विचारूनच. भावाला घेऊन जा आणि हंगामातल्या जागरणांबद्दल मुद्दाम विचारा. आखणीवाले शेवटच्या पंधरवड्यात रात्र-रात्र बसतात, हे मी चरईतल्या कारखान्यात पाहिलंय. माझा संशय मातीपेक्षा त्या रात्रींवर आहे. डॉक्टरांनी होकार दिला तर कारखाना राहू दे, आधी घरी, दिवसाउजेडी, पाच किलो शाडू आणा.

आणि आईंवर रागावू नका. मॅट्रिकच्या वर्षी माझ्या आईनं माझी शाडूची बादली मोरीत ओतली होती. आमच्या चाळीची मोरी तीन दिवस तुंबली आणि बोलणी मात्र मीच खाल्ली. तिला माझी काळजी होती. तुमच्या आईंनी तर पोराचा आजार डोळ्यांनी पाहिलाय. कोरण्या नव्या मिळतात. त्या घ्यायला आईंनाच बरोबर न्या.

प्रश्न : कॉलेज करून मूर्तिकाम शिकतो. शाडूचं काम अर्धवट राहिलं की वाळून तडे जातात. काय करू? — एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : ओलं सुती फडकं, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा. फडकं निथळतं नको, नाहीतर नाक-कान बसतील. बारीक तडा गेलाच तर तीच माती पातळ कालवून ब्रशनं भर. आणि काम मनासारखं उतरलं तर न भाजलेल्या मातीच्या भरवशावर राहू नकोस, प्लास्टरचा साचा घेऊन ठेव. वर लिहिलेल्या हालेपासची मातीची कामंही अशीच गेली असती. थोमोपुलोस नावाचे अथेन्सचे प्राध्यापक त्याच्या गावी आले आणि त्यांनी प्लास्टरमध्ये प्रती करून घेतल्या. ऐरोलीत कुणी प्राध्यापक येणार नाहीत, तेव्हा प्लास्टर तूच आण. ताजं बघून घे, दमट पोतं घट्ट धरत नाही.