उपकार वेगळा, बरोबरी वेगळी

प्रश्न : देश मजबूत होतो तो कायदे, सैन्य आणि पैशाच्या बळावर. एकेका माणसाच्या कनवाळूपणाने असा काय फरक पडतो?

उत्तर : संकटात पहिले काही तास शेजारी हाच मदतीची यंत्रणा असतो. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधल्या कोबेला भूकंपाचा तडाखा बसला, तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच ओढून काढलं. आत कोण, कुठल्या खोलीत झोपतं, हे त्यांनाच ठाऊक होतं. त्याच वर्षी जुलैत शिकागोतल्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसं दगावली. त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी होती. एकमेकींना लागून असलेल्या, सारख्याच गरीब वस्त्यांतही मृत्यूंचं प्रमाण फार वेगळं निघालं. जिथे रस्ता गजबजलेला होता, तिथली म्हातारी माणसं बाहेर पडत, कुणाच्या तरी नजरेस पडत. जिथे घरं ओस आणि रस्त्याची धास्ती, तिथे ती कडी लावून आतच राहिली.

म्हणून आपल्या आसपास एकटं कोण राहतं, त्यांची रोजची औषधं कोणती, नातलगाचा फोन नंबर काय, हे त्यांना विचारून आजच लिहून ठेवा. ओळख संकटाच्या दिवशी करून घेता येत नाही.

प्रश्न : कुणी रस्त्यात कोसळलं तर गर्दी जमते, पण पुढे कुणी होत नाही. माणसं इतकी निर्दय झाली आहेत का?

उत्तर : नाही. जबाबदारी वाटली जाते आणि कुणाच्याच वाट्याला येत नाही. मानसशास्त्रज्ञ डार्ली आणि लाताने यांच्या १९६८ च्या प्रयोगात, फेफऱ्याचा झटका आलेल्या माणसाचा आवाज फक्त आपणच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लगेच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा फक्त ३१ टक्के. यावर उपाय साधा आहे. ‘कुणीतरी मदत करा’ असं ओरडू नका. बोट दाखवून सांगा : ‘निळ्या शर्टातले दादा, तुम्ही रुग्णवाहिका बोलवा. ताई, तुम्ही गाड्या थांबवा.’

प्रश्न : दोन समाजांतला दुरावा मिटावा म्हणून आमचं मंडळ दरवर्षी मदतवाटप करतं. दुरावा तसाच आहे. काय चुकतंय?

उत्तर : एक बाजू कायम देणारी आणि दुसरी कायम घेणारी, हेच चुकतंय. उपकाराने पोट भरतं, मान मिळत नाही. नुसतं एकत्र आल्याने पूर्वग्रह जात नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये त्यासाठी चार अटी मांडल्या : दर्जा बरोबरीचा, उद्दिष्ट एक, काम परस्परांच्या सहकार्याने, आणि वरिष्ठांचा किंवा नियमांचा उघड पाठिंबा. तुमच्याकडे पहिलीच अट मोडते.

या अटी प्रत्यक्षात कशा दिसतात, हे १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरनसन यांनी दाखवलं. वेगवेगळ्या वंशांच्या पाच-सहा मुलांचा गट करायचा आणि धड्याचे तेवढेच तुकडे पाडायचे. प्रत्येकाकडे एकच तुकडा. दुसऱ्या गटांत तोच तुकडा असलेल्या मुलांसोबत तो नीट समजून घ्यायचा, मग परत येऊन आपल्या गटाला शिकवायचा. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. अडखळणाऱ्या मुलाला सुरुवातीला इतर हिणवतात. तेव्हा शिक्षकाने एवढंच सांगायचं, की त्याचा भाग त्याच्याशिवाय कुणाकडे नाही. मग मुलं त्याला प्रश्न विचारून बोलतं करू लागतात.

मंडळातही हेच करा. काय हवंय याची यादी दोन्हीकडच्यांनी मिळून ठरवावी, हिशेबाची वही दर महिन्याला आळीपाळीने दोघांकडे असावी, बैठकही आलटून पालटून दोन्हीकडे व्हावी. वाटप करतानाचे फोटो ताबडतोब बंद करा. घेणाऱ्याची मान त्यात खालीच दिसते, आणि ती त्याची मुलंही पाहतात. पहिल्या दोन-तीन बैठकांत हिशेबावरून खटके उडतील. बैठका थांबवू नका. भांडण समोरासमोर आणि बरोबरीने होतंय, हा वाटपाच्या रांगेपेक्षा कितीतरी पुढचा टप्पा आहे.