‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ आली, आता पोरीचं लग्न?

शाळेच्या आरोग्य तपासणीत सिकलसेलच्या (आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या) चाचणीवर ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ असा शेरा आला. हुडकेश्वरची एक आई दुसऱ्याच दिवशी समुपदेशनाला हजर. मुलगी चौदा वर्षांची, नववीत. आईचा पहिला प्रश्न आजाराचा नव्हताच. “मॅडम, इचं लग्न कसं जुळन? घरी अजून कोणाले सांगतलं नाही.” विदर्भात हा प्रश्न रोजचाच.

आधी शेऱ्याचा अर्थ. बोटातल्या रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात, काही मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. रक्तात सिकलसेलचं एस हिमोग्लोबिन आहे, एवढंच यातून कळतं. ते आईवडील दोघांकडून आलं (एसएस, रुग्ण) की एकाकडून (एएस, वाहक), हे कळायला शिरेतलं रक्त घेऊन एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी तपासणी) करावी लागते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगायचं, नाहीतर दात्याचं हिमोग्लोबिनही त्यातच मोजलं जातं.

रिपोर्टमध्ये ए (नेहमीचं हिमोग्लोबिन) ६० टक्के, एस ३३. म्हणजे वाहक. आईनं एस खाली पेनानं दोनदा रेघ ओढली होती. वरचं ‘हिमोग्लोबिन ९.२’ कोणी वाचलंच नव्हतं. या वयात ते किमान १२ हवं. नुसतं वाहक असल्यानं हिमोग्लोबिन उतरत नाही. जिना चढताना पोरीला धाप लागते ती लोह कमी म्हणून. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, अवघं ६ निघालं.

“पण शाळेत निळी गोळी खाते ना ती!” ती आठवड्याला एक, प्रतिबंधासाठी. उपचाराला रोजचा डोस लागतो, तो डॉक्टर ठरवतात. गोळी चहा-दुधासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चालते. शौच काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुष्कळ मुली तेवढ्यावरूनच गोळ्या बंद करतात. महिन्यानं हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅम वाढायला हवं. (एसएस रुग्णाला मात्र तपासल्याशिवाय लोह देऊ नये, वारंवार रक्त चढवल्यानं त्यांच्या शरीरात ते आधीच साठलेलं असू शकतं.)

आता लग्न. जोडीदार एए (एस नसलेला) असेल तर एकही मूल एसएस होत नाही. तोही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. ‘चारातलं एक, ते होऊन गेलं’ असा हिशेब चालत नाही. जोडीदाराची एचपीएलसीच करायची. सोल्युबिलिटीत थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा) वाहक सुटतो, आणि त्याच्याकडून आलेला दोष एससोबत आला की मूल रुग्ण होऊ शकतं.

खरी अडचण घरची होती: कोणाकडून आलं? म्हणून आईवडिलांचं रक्त एकाच दिवशी घेतलं, रिपोर्टही दोघांना शेजारी बसवूनच सांगितले. वडील एएस, आई एए. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “मी तं माह्याच माहेरचं समजून राहिली होती.” धाकट्या भावाची तपासणी राहिली आहे, आई एए असल्यानं तो फार तर वाहक निघेल.

मुलीनं एकच विचारलं, कबड्डी खेळू का? हिमोग्लोबिन वर आलं की बिनधास्त. मे महिन्यात सराव सकाळी, मध्ये मध्ये पाणी पीत. लघवी लाल दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.