मिग-21 ला सिम्युलेटरमध्ये पार पिळून काढलं तर काय होतं?

सिम्युलेटरमध्ये लढाऊ विमान मर्यादेपलीकडे ताणलं तर नक्की काय होतं आणि ते खऱ्याच्या कितपत जवळ जातं, असं तुम्ही विचारलंय. मी वैमानिक नाही. नाशिकचा आहे. ओझरच्या एचएएलमध्ये बनलेली मिग लहानपणी डोक्यावरून गडगडत जायची, म्हणून डीसीएस वर्ल्ड या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये मिग-21 बिस (मिग-21 चीच एक आवृत्ती) घेतलं आणि तीन-चार वर्षं त्याच एका विमानाला छळतोय. उत्तरही त्याच्यापुरतंच.

पंख तुटून पडतील वगैरे अपेक्षा आधी सोडा. तुटू शकतात, 8.5 जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साडेआठपट भाराच्या, फार पुढे गेलात तर. पण बहुतेक वेळा जे होतं ते गुपचूप होतं. ताशी 900 किमी वेगात स्टिक पोटाशी ओढली की हे त्रिकोणी पंखांचं विमान मुकाट्याने वळतं, आणि आपण खूश. वेगाचा काटा बघाल तर वळण पूर्ण होईस्तोवर निम्म्यावर आलेला असतो. नाक फार वर उचललं तरी हा पंख झटकन दगा देत नाही, पण हवेचा अडथळा अफाट वाढवतो. मग आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागे जादा इंधन जाळून मिळणारा जोर) पूर्ण, नाक आभाळाकडे, आणि उंची मात्र कमी होतेय. कसारा घाटात भरलेला ट्रक चुकीच्या गिअरमध्ये चढवा, इंजिन नुसतं बोंबलतं, तसंच. सुटायचं तर नाक खाली घालायचं. खाली तीनशे मीटरवर जमीन असताना ते घालवत नाही, हीच गोम.

आणीबाणीचा आफ्टरबर्नर म्हणून एक जास्तीचा डोस आहे, 4000 मीटरच्या खाली, जेमतेम तीन मिनिटं. मी तो चुकीची वळणं निस्तरायलाच जास्त वापरलाय.

वेग जास्त म्हणजे चपळाई जास्त, हाही गैरसमज होता. 900 च्या वेगाने 8 जीचं वळण घ्या, त्रिज्या साधारण 800 मीटर. तेवढ्याच जीला वेग दुप्पट केला की त्रिज्या चौपट. कमाल वेग मॅक 2.05, म्हणजे आवाजाच्या दुपटीहून थोडा जास्त, तोही 13 किमी उंचीवर आणि जवळजवळ सरळ रेषेत. मी पहिल्यांदा मॅक 2 गाठला तेव्हा धावपट्टी बरीच मागे राहिली होती आणि इंधनाचा काटा तळाला. त्या उड्डाणाचा शेवट शेतात झाला.

खऱ्याशी तुलना करायची तर आकडे बरेच जुळतात, शरीर अजिबात नाही. 8 जीला स्क्रीन कडेने काळी होत जाते, आवाज दबतो, आणि मी चहाचा घोट घेतो. खऱ्या वैमानिकाचं डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो धरलं, तर तेव्हा त्याच्या मानेवर 52 किलो असतात, आणि तशात त्याला मागे वळून शत्रू शोधायचा असतो. अपघातांमुळे मिग-21 ला चिकटलेला 'उडती शवपेटी' हा शब्द मीही पूर्वी सहज फेकायचो. आता तोंडातून येत नाही.

तुम्हाला करून बघायचं असेल तर 8000 मीटरवर जा, थ्रॉटल मागे घ्या, स्टिक हळूहळू ओढत राहा आणि हल्ल्याच्या कोनाचा (पंख समोरच्या हवेला किती तिरका आहे त्याचा) काटा बघा. 28 अंशांच्या आसपास विमान डुलायला लागतं. तिथेच पायाखालचं सुकाणूचं पेडल मारलंत तर गिरकी, विमान गरगरत खाली. गिरकीत हात आपोआप स्टिक मागे ओढतो, आणि तेच नको असतं. म्हणून त्या फिरोजी कॉकपिटमध्ये समोरच्या पॅनलवर एक पांढरी उभी पट्टी रंगवलेली आहे: स्टिक त्या रेषेत आणा आणि धरून ठेवा, म्हणजे ती मधोमध राहील. घाबरलेल्या माणसाला मध्य कुठे हे सापडत नाही, हे रशियन लोकांनी रंगाच्या एका फटकाऱ्यात सोडवलं. माझ्या हाताला ती पट्टी पाठ व्हायला महिना लागला. तोवर किती मिग पाडली, ते मोजलं नाही.