संशोधनपत्रिकेत इंटर्नशिप करताना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: समाजशास्त्रात एम. ए. करते आहे. पुढच्या महिन्यापासून एका संशोधनपत्रिकेत इंटर्न म्हणून जाणार आहे. सुरुवातीला हातात काय देतात?

बहुधा आलेल्या लेखांची पहिली चाळणी. विषय पत्रिकेच्या कक्षेत बसतो का, शब्दमर्यादा पाळली आहे का, सारांश आहे का, तक्त्यांचे क्रमांक मजकुरातल्या उल्लेखांशी जुळतात का, हे पाहायचे. साम्य तपासणीचा (लेखातला मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतो याचा) अहवाल आला की नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. संदर्भसूची आणि अवतरणे वगळून अहवाल पुन्हा काढा. २५ टक्के साम्य चार-चार शब्दांच्या तुकड्यांत विखुरलेले असेल तर ते किरकोळ असू शकते. ६ टक्केच असले, पण सलग दोन परिच्छेद उचललेले असले, तर लगेच संपादकांना दाखवा.

मग लेख समीक्षकांकडे, म्हणजे तो वाचून मत देणाऱ्या तज्ज्ञांकडे, जाण्याआधी लेखकाची ओळख पटेल असा मजकूर काढून टाकायचा. पहिल्या पानावरचे नाव सगळेच काढतात. राहून जाते ते इतरत्र: ऋणनिर्देश, निधीचा उल्लेख, फाइलचे नाव, 'माझ्या आधीच्या लेखात' अशी वाक्ये, ट्रॅक चेंजेसमधल्या (वर्डच्या बदल नोंदवण्याच्या सोयीतल्या) टिपांवरची नावे. वर्डमध्ये फाइल, इन्फो, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट या वाटेने लपलेली माहिती पुसता येते. हे मूळ फाइलवर नव्हे, प्रतीवर करा.

प्रश्न: संदर्भसूची तपासायला दिली आहे. ऐंशी नोंदी आहेत. नेमके काय तपासायचे?

हे काम कंटाळवाणे वाटते, पण पत्रिकेची विश्वासार्हता इथेच राखली जाते. तीन फेऱ्या करा. एकाच फेरीत सगळे पाहू गेलात तर नजर चुकते.

पहिली फेरी जुळणीची. मजकुरातला प्रत्येक उल्लेख सूचीत आहे का आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात आली आहे का, हे दोन्ही बाजूंनी खुणा करत पाहा. मजकुरात २०१४ आणि सूचीत २०१५, हा घोटाळा नेहमीचा. बरेचदा त्याचे कारण एवढेच की लेख आधी ऑनलाइन येतो आणि छापील अंक पुढच्या वर्षी निघतो.

दुसरी फेरी अस्तित्वाची. प्रत्येक डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडा. तो उघडला म्हणजे झाले असे नाही. उघडलेल्या लेखाचे शीर्षक आणि लेखक नोंदीशी ताडून पाहा. एआयने रचलेल्या नोंदींत लेखक खरा, पत्रिका खरी आणि लेख मात्र कुठेच नाही, असे होते. डीओआय नसेल तर क्रॉसरेफवर (डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर) शीर्षकाने शोधा. जुन्या मराठी ग्रंथांसाठी ग्रंथालयाची सूची पाहा. लेख मागे घेतलेला नाही ना, हेही याच फेरीत. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा माहितीसाठा २०२३पासून क्रॉसरेफकडे आहे आणि तो खुला आहे.

तिसरी फेरी मांडणीची: स्वल्पविराम, पृष्ठक्रमांक, अकारविल्हे क्रम. मराठी सूचीत संगणकाच्या क्रमावर विसंबू नका. युनिकोडच्या (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या) तक्त्यात 'ळ' हा 'ल'नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर. म्हणून 'काळे' कधी 'काशीकर'च्या आधी जाऊन बसतात. 'क्ष' आणि 'ज्ञ' कुठे लावायचे, ते पत्रिकेच्या शैलीपत्रकात पाहा. तिथे नसेल तर विचारून लिहून ठेवा.

प्रश्न: लेखाची भाषा फार बोजड असते. किती बदलावी?

शुद्धलेखन, विरामचिन्हे, एकच संज्ञा दोन प्रकारे लिहिलेली असणे, हे थेट दुरुस्त करा, ट्रॅक चेंजेस चालू ठेवून. अर्थाला धक्का लागण्याची शक्यता असेल तिथे हात लावू नका, लेखकाला विचारा. 'हे वाक्य अस्पष्ट आहे' अशी शंका काढली तर लेखक तेच वाक्य फिरवून पाठवतो. शंका अशी हवी: 'तक्ता ३मध्ये ४२ टक्के आहे, इथे २४ टक्के. कोणता आकडा बरोबर?' 'संबंध आढळला' याचे 'परिणाम झाला' केले, तर वाक्य सुटसुटीत होते आणि निष्कर्ष खोटा ठरतो. अवतरणातला मजकूर तर मूळ पुस्तकाशी ताडल्याशिवाय बदलायचाच नाही, त्यात चूक दिसली तरी.

प्रश्न: लेखक जुन्या फॉन्टमधल्या फाइली पाठवतात. युनिकोड केल्यावर चुका राहतात.

राहणारच. रूपांतरात पहिली वेलांटी आणि रफार शेजारच्या अक्षरावर सरकतात, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरे येतात. सर्वात फसवा म्हणजे 'ऱ्य'. 'आचाऱ्यांना'चे 'आचार्यांना' झाले की स्वयंपाक्याचा गुरू होतो आणि दोन्ही शब्द बरोबर असल्याने संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस गप्प बसतो. 'र्य' शोधून प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी पाहा आणि शेवटी लेखकाच्या पीडीएफशी पूर्ण वाचन करा.

प्रश्न: जाहिरातीत 'यूजीसी केअर सूचीतील पत्रिका' असे लिहिले आहे. जावे का?

मान्य पत्रिकांची ती यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) २०२५मध्ये बंद केली, त्यामुळे तो दाखला आता पुरेसा नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांकही फक्त नोंदणी दाखवतो, दर्जा नाही. संपादक मंडळातल्या दोन-तीन प्राध्यापकांना ईमेल करून ते खरोखर मंडळावर आहेत का, हे विचारा. पैसे भरताच आठवड्यात छापण्याची हमी असेल तर जाऊ नका. आणि रुजू झाल्यावर समीक्षकाच्या नावाने अहवाल लिहायला सांगितले, तर त्याच दिवशी काम सोडा.